चिठ्ठीतली तिसरी ओळ

मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. घरात, संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडातही ती तो मोठा काळा चष्मा लावून बसली होती, आणि नगरच्या उन्हाळ्यात दार उघडं टाकून बसलेली माणसं जशी गल्लीतल्या प्रत्येक स्कूटरच्या आवाजावरून माणूस ओळखतात तशी ओळखत होती. थेंब टाकून झाले, चहा झाला, आणि मग तिनं मला टेबलाच्या खणातून वही आणायला सांगितली. ‘उद्याची चिठ्ठी लिहायचीय. मला दिसत नाही, तू लिही.’ चिठ्ठी म्हणजे प्रार्थनेची चिठ्ठी. त्यांच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे, तिच्यात रविवारी सकाळी लोक आपापल्या विनंत्या टाकतात आणि उपासनेत पाळकसाहेब त्या वाचून दाखवतात. मी वहीचं पान फाडलं. मावशी खिडकीकडे तोंड करून सांगू लागली, पोस्टात मनीऑर्डरचा मजकूर सांगावा तशी. एक, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून उपकारस्तुती, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी विनंती. दोन, शेजारच्या पोराच्या पोलीसभरतीसाठी. तीन, माझ्या भाचीच्या तारणासाठी.

मी थांबले. तारण म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून पापातून सुटणं. आणि तिला भाची एकच आहे.

‘नाव लिही,’ मावशी म्हणाली. ‘पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट. मंडळीत तुझ्या नावाच्या तिघी आहेत, उगाच घोटाळा नको.’ घोटाळा कुणाचा, पाळकसाहेबांचा की देवाचा, हे मी विचारलं नाही. मी माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आणि पुढे ‘यांच्या तारणासाठी’ असं माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं. ‘चार,’ मावशी पुढे म्हणाली, ‘तिच्या मानेच्या दुखण्यासाठी.’ मला स्पाँडिलायटिस आहे, हे खरं आहे. मग तिनं सगळी चिठ्ठी पुन्हा एकदा लिहायला लावली. एक पेटीत टाकायला, एक तिच्या बायबलात ठेवायला. म्हणजे त्या संध्याकाळी मी स्वतःच्या तारणाचा अर्ज दोन प्रतींत लिहिला, सही न करता.

दुसऱ्या दिवशी मी तिला हाताला धरून उपासनेला नेलं. चर्चमध्ये मी वर्षातून एकदा, नाताळला, तेही गाणी ऐकायला जाते. जुन्या मिशनच्या चर्चचा तो वास, लाकडी बाकांना हातांनी आलेली चकाकी, वर पंख्याचा लांब दांडा, आणि उपासना संगीताची कोपरे झिजलेली पुस्तकं. चिठ्ठ्या वाचायची वेळ आली. पाळकसाहेब तरुण आहेत, मला ओळखत नाहीत, आणि त्यांनी माझं नाव वडिलांच्या नावासकट खणखणीत वाचलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. शेजारी मावशी होती, पण काळ्या चष्म्यामागे तिचे डोळे मिटलेत की उघडे आहेत ते मला कळेना. दोनशे माणसं माझ्यासाठी काहीतरी मागत होती आणि मी पंख्याची पाती मोजत होते.

मला राग यायला हवा होता. आला नाही, हेच नंतर टोचत राहिलं.

मी पुण्यात इतिहास शिकवते. एम.ए.च्या वर्गाला दरवर्षी दोन तास मी ज्या विषयावर बोलते त्याला मराठीत अजून धड नाव नाही. लेखांत ‘सुवार्तावादी’ म्हणतात, वर्गात आम्ही सरळ ‘इव्हँजेलिकल’ म्हणतो, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्त्यांतला सुवार्ता सांगण्यावर भर देणारा प्रवाह. मावशीला हा शब्दच माहीत नाही. ती म्हणते, ‘आपण मिशनचे.’ वर्गात मी डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराची 1989 ची चौकट फळ्यावर काढते. चार कोपरे. बायबलला सर्वोच्च मानणं, क्रूसावरच्या मरणाला सगळ्याचं केंद्र मानणं, माणसाचं मन पालटलं पाहिजे असा आग्रह, आणि श्रद्धा म्हणजे काहीतरी करणं ही धडपड. त्यानं ब्रिटनच्या 1730 पासूनच्या अडीचशे वर्षांसाठी हे चार कोपरे ठरवले आणि ते इतके हाताशी येणारे निघाले की जगभरचे अभ्यासक तेच वापरू लागले. मुलांनाही आवडतात, कारण परीक्षेत चार मुद्दे चार गुण मिळवून देतात. पुढे कुणी म्हणालं, पवित्र आत्म्याचं काय, तो पाचवा कोपरा राहिला की. जॉर्ज मार्सडेन या अमेरिकन इतिहासकाराची एक थट्टा मी मुद्दाम सांगते. गेल्या शतकाच्या मध्यावरचा इव्हँजेलिकल ओळखायचा कसा? ज्याला बिली ग्रॅहम आवडतो तो. मुलं हसतात, कारण बिली ग्रॅहम कोण, तर मोठमोठ्या सभा घेणारा अमेरिकन प्रचारक, हे मी आधी सांगितलेलं असतं. पण ती नुसती थट्टा नाही. माणसं मतांनी बांधलेली असतात त्याहून जास्त ती कुणाला ऐकतात, कोणतं मासिक मागवतात, भिंतीवर काय लावतात यानं बांधलेली असतात, हे त्या थट्टेत आहे. क्रिस्टिन कोब्स ड्यू मेझसारख्या अलीकडच्या इतिहासकार तर उघडच म्हणतात की अमेरिकेतला हा धर्म सिद्धान्तात शोधू नका, पुस्तकांच्या दुकानात, रेडिओवर आणि घरातल्या पुरुषाच्या कल्पनेत शोधा.

त्या सोमवारी मी पुण्याला परत निघाले तेव्हा एस.टी.त, मान सरळ ठेवायचा पट्टा लावून, मी मावशीला त्या चार कोपऱ्यांत बसवून पाहत होते. बायबल? बसते. तिचं बायबल चामड्याच्या वेष्टणाचं, त्याला आता बायबलापेक्षा फायलीचा आकार आलाय. आत झावळ्यांच्या रविवारचा वाळका क्रूस, एल.आय.सी.ची पावती, माझ्या आईच्या लग्नाच्या पत्रिकेचा अर्धा तुकडा, आणि समासात पेन्सिलीनं तारखा. स्तोत्र 91 पाशी चार तारखा आहेत. एकीपुढे लिहिलंय ‘कावीळ’. क्रूस? बसते, गुड फ्रायडेला तीन तास पाण्याशिवाय बसते. धडपड? या वयात मंगळवारी महिलांची प्रार्थना, शुक्रवारी दवाखान्यात जाऊन अनोळखी बाळंतिणींच्या उशाशी उभं राहणं, वर माझ्या मानेची चौकशी. पण तिसऱ्या कोपऱ्यापाशी, मन पालटण्यापाशी, ती अडते. आणि हे मला फार उशिरा, तिच्याच तोंडून कळलेलं आहे.

ती अठरा-एकोणीस वर्षांची असताना नगरात कुणी बाहेरचे प्रचारक आले होते. मोठा मंडप, हार्मोनियम, तीन रात्रींची सभा. शेवटच्या रात्री त्यांनी विचारलं, ज्यांना आपल्या नव्या जन्माची, म्हणजे मन पालटल्याच्या दिवसाची, तारीख माहीत आहे त्यांनी उभं राहावं. तिच्या दोन्ही बाजूच्या मैत्रिणी उभ्या राहिल्या. ही बसून राहिली. ‘खोटं कसं उभं राहणार?’ ती मला म्हणाली होती, कांदा चिरता चिरता. ‘मला आठवतंय तेव्हापासून प्रभू घरातच आहे. तो कधी आला म्हणून कशी सांगू? बापाची तारीख सांगता येते का कुणाला, की अमुक दिवशी तो माझा बाप झाला?’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘पण वाईट वाटलं होतं. अजून वाटतं.’

धर्मांतर केलेल्यांच्या लेकरांची ही अडचण मावशीच्या आधी तीनशे वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमध्ये पहिले प्युरिटन, म्हणजे इंग्लंडातले कडक प्रॉटेस्टंट, उतरले, त्यांनी नियम केला की मंडळीचा पूर्ण सभासद व्हायचं तर देवाच्या कृपेचा अनुभव कसा आला ते सगळ्यांसमोर सांगायचं. बापांनी सांगितलं, समुद्र ओलांडून आलेल्या माणसांकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. पोरं मात्र गोठ्यात आणि शेतात वाढली, रोज रात्री बायबल ऐकत, आणि त्यांच्याकडे सांगायला कथाच नव्हती. त्यांना झालेल्या बाळांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही? 1662 मध्ये पाळकांच्या सभेनं तोड काढली: बाप्तिस्मा द्या, पण प्रभुभोजन आणि मत देण्याचा हक्क नाही. याला नावच पडलं अर्धा करार. नॉर्थॅम्प्टनचे पाळक जोनाथन एडवर्ड्स यांना पुढे ही ढिलाई सोसवेना. त्यांच्याच आजोबांनी प्रभुभोजनाची दारं सगळ्यांना उघडली होती, ती नातवानं पुन्हा लावायला घेतली, तर मंडळीनं 1750 मध्ये त्यांनाच काढून टाकलं. ज्यांच्या प्रवचनांनी 1734 च्या हिवाळ्यात अख्खा गाव हलला होता ते हे एडवर्ड्स. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती ‘अर्ध्या करारा’वर काही बोलली नाही, पण पाळकाला काढलं म्हटल्यावर डोळे चमकले. ‘म्हणजे तिकडेही पास्टरेट कमिटी होती म्हण की.’

आणि याच एडवर्ड्सपाशी मला चिठ्ठी सापडते.

त्या काळी कागद महाग. एडवर्ड्स रात्रंदिवस लिहिणारा माणूस, त्यामुळे हाताला येईल तो कागद जपून ठेवी आणि त्याच्या वह्या शिवी. घरातल्या बायका-मुली पंखे बनवत, त्यातून उरलेल्या अर्धचंद्राकृती कातरणी. मुलांच्या शाळेच्या गिरवण्या. आणि मंडळीनं दिलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या. तिकडे रविवारी सभागृहात पाळकाच्या हाती अशा चिठ्ठ्या देत: अमुक बाई आजारी आहे, ती या मंडळीच्या प्रार्थना मागते. अमुकची सुखरूप सुटका झाली, ती आभार मानू इच्छिते. अमुकचं मूल गेलं, त्या दुःखातून त्याचं काही भलं व्हावं. पाळक वाचायचा, चिठ्ठीचं काम संपायचं, आणि मागची कोरी बाजू प्रवचनाला यायची. त्याची प्रवचनं जपली गेली, कारण तो मोठा माणूस. त्यांच्या पाठीवर, आपसूक, चिठ्ठ्याही जपल्या गेल्या. पहिल्या पिढ्यांतल्या अभ्यासकांनी सुलट बाजू वाचली. पाप, कृपा, इच्छास्वातंत्र्य. कुणाला तरी ती वहीच उलटी करून पाहावीशी वाटायला बराच काळ जावा लागला. आज डग्लस विनियार्स्कीसारखे इतिहासकार अशा चिठ्ठ्या आणि सभासद होताना लिहून दिलेली साधी निवेदनं वाचून त्या काळच्या शेतकऱ्या-बायकांचा धर्म उभा करतात. आणि त्यात चार कोपरे फार थोडे दिसतात. ताप दिसतो, बाळंतपण दिसतं, समुद्रावर गेलेला मुलगा दिसतो.

रोज जगला जाणारा धर्म, हा शब्दप्रयोग आमच्या धंद्यात फ्रेंचांकडून आला. अमेरिकेत त्याला 1990 च्या सुमारास जोर चढला, डेव्हिड हॉलनं 1997 मध्ये संपादित केलेल्या लेखसंग्रहानं त्याला नाव मिळालं. त्याच्या बरंच आधी रॉबर्ट ऑर्सीनं न्यूयॉर्कच्या 115 व्या रस्त्यावरच्या इटालियन वस्तीतली मारियामातेची जत्रा लिहिली होती. अनवाणी चालणाऱ्या बायका, मेणाचे पाय, सासवा, सुना. कॅथलिकांचं बरं असतं, त्यांच्याकडे दाखवायला मेणबत्त्या असतात, मूर्ती असतात. प्रॉटेस्टंटांकडे म्हणे नुसता शब्द. हे ‘म्हणे’ खोडायलाही माणसं पुढे आली. मावशीच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर, येशूचं एक चित्र आहे. तपकिरी केस, वर वळलेली नजर, चेहऱ्यावर एका बाजूनं पडलेला मधाच्या रंगाचा उजेड. तुम्ही कुठल्याही ख्रिस्ती घरात पाहिलेलं असणार. ते शिकागोच्या वॉर्नर सॉलमननं 1940 मध्ये रंगवलं. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या खिशात मावणाऱ्या प्रती सैनिकांना वाटल्या गेल्या. कलासमीक्षकांनी नाकं मुरडली. डेव्हिड मॉर्गन नावाच्या इतिहासकारानं मात्र नियतकालिकांतून वाचकांना आवाहन केलं की हे चित्र तुमच्यासाठी काय आहे ते मला कळवा, आणि त्याच्याकडे पाचशेहून अधिक पत्रं आली. लोकांनी लिहिलं, दवाखान्यात खाटेसमोर हे होतं. लिहिलं, येशू दिसतोच असा. मावशीनं त्या चित्राला आता निळ्या एलईडीची माळ लावलीय. शेजारच्या दुकानात गणपतीला मिळते तीच.

आमच्या घराण्याची कथा सांगायची तर तीही सुलट आणि उलट अशा दोन बाजूंनी सांगता येते. सुलट बाजू मिशनच्या छापील अहवालांत शोभेल अशी. 1810 मध्ये बॉस्टनच्या बाजूच्या, एडवर्ड्सच्याच विचारांत वाढलेल्या लोकांनी परदेशी मिशनचं मंडळ काढलं. गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला, आणि 1826 मध्ये नाशिककडच्या फेरीत पटकीनं गेला. 1831 मध्ये नगरला ठाणं झालं, 1842 मध्ये तिथूनच ज्ञानोदय हे नियतकालिक निघालं. आणि पुढे नेवाशाकडच्या एका खेड्यात माझ्या खापरपणजोबांनी सुवार्ता ऐकली, विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला. उलट बाजू घरातली. गावात शाळा मिशनची होती आणि तिच्यात म्हारवाड्यातली पोरं आत बसत, उंबऱ्याबाहेर नाही. नंतर दुष्काळ पडला. मिशनच्या कामावर खडी फोडली की धान्य मिळे. बाप्तिस्म्याचं साल आणि दुष्काळाचं साल घरच्या सांगण्यात एकमेकांत इतकं मिसळलंय की मला वेगळं करता येत नाही. मी एम.ए. करत असताना, नुकताच इतिहास चढलेला होता तेव्हा, मावशीला ऐटीत म्हणाले होते की खरं कारण भाकरी होतं. ती चिडली नाही. म्हणाली, ‘भुकेल्या माणसाकडे देव भाकरी घेऊनच येणार ना? दुसरं काय घेऊन येईल, ग्रंथ?’

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

तारखेचा हा जाच आपल्याकडच्या मोठ्या माणसांनाही चुकला नाही. नारायण वामन टिळकांची गोष्ट आगगाडीपासून सुरू होते, डब्यातला एक गोरा प्रवासी नवा करार हातात ठेवतो, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा. साल, महिना, तारीख. तेच टिळक पुढे म्हणाले की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. पुलावरून येणाऱ्याला नक्की कुठल्या पावलाला पलीकडे गेलो ते कसं सांगता येईल? लक्ष्मीबाई तर पाच वर्षं मागे राहिल्या, आणि स्मृतिचित्रांत त्यांचं पालटणं वाचताना मला कुठेच तो विजेचा लखलखाट सापडत नाही. सापडतं ते पाणी. कुणाच्या हातचं प्यायचं, कुणाच्या नाही, वेगळी चूल, वेगळा हंडा, आणि मग एकेक गोष्ट सुटत जाणं. बेबिंग्टनच्या चौकटीला स्वयंपाकघर नाही, आणि लक्ष्मीबाईंचा धर्म बदलला तो तिथे. पंडिता रमाबाईंनी तर कमालच केली. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे 1907 च्या साक्षीत स्वच्छ सांगून टाकलं की मला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. ज्या बाईनं मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि केडगावच्या मुलींकडून ते खिळ्याखिळ्यानं जुळवून घेतलं, तिच्याकडे एक सोडून दोन तारखा, आणि पहिली तिची तिनंच बाद केली.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा 1905 चा पावसाळा हा आणखी वेगळा विषय आहे. दुष्काळातून आलेल्या, विधवा, टाकलेल्या मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. रडणं, ओरडणं, तासन् तास. बाहेरून पाहायला आलेल्या गोऱ्या मिशनऱ्यांतले काही भारावले, काही घाबरले. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची ती प्रसिद्ध सभा 1906 ची, आणि पवित्र आत्म्याच्या संचारावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथाचा इतिहास बरीच वर्षं तिथूनच सुरू करत. आता केडगाव आधी, याची दखल घ्यावी लागते. दौंड रस्त्यावरचं हे गाव आपण एरवी आगगाडीतून नुसतं ओलांडतो. मावशीच्या आजीची एक लांबची बहीण तिथे होती म्हणतात. तिच्याबद्दल घरात एवढंच शिल्लक आहे की ती प्रार्थनेला बसली की दुधावर साय धरेपर्यंत उठत नसे. मला हे माप फार आवडतं. घड्याळ नसलेल्या घरातलं माप.

मावशी स्वतः रविवारी जुन्या मिशनच्या चर्चला जाते आणि दर दुसऱ्या गुरुवारी एका नव्या फेलोशिपला. तिथे कीबोर्ड, ड्रम, हिंदी गाणी, टाळ्या. तिच्या पाळकसाहेबांना हे आवडत नाही. मी विचारलं, तुला तिथे काय मिळतं? म्हणाली, ‘तिथे कुणी पुस्तक बघत नाही, सगळे एकदम बोलतात. माझं पाठ होतं ते सगळं तिथे विसरायला होतं.’ मग जरा अपराधी चेहऱ्यानं, ‘पण गाणी आपलीच चांगली. टिळकांच्या अभंगाला ड्रम नाही चालत.’ तिच्या मंगळवारच्या प्रार्थनेला मी एकदा आतल्या खोलीत होते. आठ-दहा बायका, चपलांचा ढीग, मध्ये पोह्यांची परात झाकून ठेवलेली. अर्ध्यातच कुणी म्हणालं, ‘खिडकी लावून घे गं.’ पूर्वी उघडी असायची. आता आवाज बाहेर गेला तर कोण काय म्हणेल, घरात कसली सभा भरवलीय म्हणून विचारायला कोण येईल, याचा नेम नाही. खिडकी लावली, पंखा एकच, सगळ्या घामानं भिजल्या. प्रार्थना थोडी हळू आवाजात झाली. रोज जगल्या जाणाऱ्या धर्मात ती खिडकीची कडीही येते.

मावशी देवाशी बोलते ते तसं ऐकलं तर अगदी साधं असतं. भांडी घासताना, नळाच्या आवाजात. ‘आता तूच बघ’, ‘तुला सांगितलं होतं ना मी’, असं. टान्या लर्मन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या अशाच एका पंथाच्या लोकांत काही वर्षं काढली. तिथे काही जण देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून ठेवत आणि समोर बसून गप्पा मारत, कारण देवाचा आवाज ऐकणं ही रियाजानं येणारी गोष्ट आहे. हे वाचून माझ्या वर्गातल्या मुलांना नवल वाटतं. मला तितकं वाटत नाही. विठोबाला अरे-तुरे करणाऱ्या, जनाबाईबरोबर त्याला दळायला बसवणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला देवानं कॉफी प्यायचं काय अप्रूप? मावशी मात्र कप भरणार नाही. दूध वाया जातं.

आता इथेच माझं मला काही पटत नाही. गेली काही वर्षं मी मावशीकडे पाहते ती त्या उलट्या बाजूनं. समासातली कावीळ, एलईडीची माळ, लावलेली खिडकी, सायीचं माप. मला हे सगळं आवडतं, आणि आवडतं म्हणून मी समजूतदार आहे असंही मला वाटतं. सिद्धान्ताच्या बाजूला न जाता मी तिच्या वस्तूंच्या बाजूनं जाते. पण मावशीला विचारलं तर ती म्हणेल की बायबलातली पावती हा कचरा आहे, तो काढायचा राहिलाय, तू वचन वाच. तिच्या दृष्टीनं चिठ्ठी हा कागद नाही, ती विनंती आहे, आणि विनंती ज्याच्याकडे गेली तो आहे. मी त्या ‘आहे’भोवती इतक्या अदबीनं फिरते की त्याला कधी धक्काच लागत नाही. बेबिंग्टनच्या चार कोपऱ्यांवर आम्ही वर्गात टीका करतो की ते फार कोरडे आहेत. पण निदान ते विचारतात की बाई, तुम्ही काय खरं मानता? मी तेवढंही विचारत नाही. मी तिचे पोहे खाते आणि टिपण काढते. मावशीनं मात्र मला विचारायचं ते विचारून टाकलं, तेही माझ्याच हातानं, वडिलांच्या नावासकट.

चर्चमध्ये राग का आला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण अगदी साधं असेल. ती विनंती दोन डोळे आणि एक मान यांच्या मधोमध होती. तारण पोलीसभरतीच्या खाली आणि स्पाँडिलायटिसच्या वर. तिच्या यादीत ते एक दुखणं होतं, घरातल्या माणसाचं, बरं व्हावं असं. नॉर्थॅम्प्टनला एखाद्या बाईनं, अशीच, गाईच्या आणि मुलाच्या मध्ये आपल्या न मानणाऱ्या भाचीला बसवलं असेल, आणि पाळकानं ते वाचून मग चिठ्ठी उलटी करून मागे इच्छास्वातंत्र्यावर चार ओळी खरडल्या असतील. असेल, म्हणते मी. नगरात दर्ग्याला, देवीला, सगळीकडे लोक चिठ्ठ्या टाकतात, आणि या पेटीला न्यू इंग्लंडपासून सरळ रेघ ओढायचा मोह मी आवरलेला बरा.

महिन्याभरानं तिचा फोन आला. दुसऱ्या डोळ्याचंही झालं होतं, आता चष्म्यावाचून घड्याळ दिसतं म्हणाली. तिच्या बायबलातल्या प्रतीवर ती बरोबरच्या खुणा करते. डोळ्यापुढे केली. शेजारचा पोरगा मैदानी चाचणीत पास झाला, लेखी राहिलीय, म्हणून त्याच्यापुढे अर्धीच. मी म्हटलं, अर्धी खूण कशी करतात? ‘रेघ ओढून ठेवली, शेपूट नंतर.’

दिवाळीच्या सुटीत गेले तेव्हा शनिवारच होता. तिला आता छान दिसत होतं, माझ्या साडीवरचा डाग तिनं दारातूनच शोधून काढला. तरी संध्याकाळी वही माझ्यापुढे आली. ‘तुझं अक्षर चांगलं आहे, पाळकसाहेब म्हणत होते,’ ती म्हणाली. मी जुनी प्रत मागितली, तिनं बायबलातून काढून दिली. तिसऱ्या ओळीपुढची जागा कोरी होती. मी पेन उघडलं.

‘मान आता बरी आहे माझी,’ मी म्हटलं. ‘चौथं काढून टाकू?’

मावशीनं माझ्या मानेकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी.

‘मान काढ,’ ती म्हणाली. ‘वरचं राहू दे.’